चौथा डाऊन आणि रोहितचा तो फटका

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये राहून आम्हाला आता बारा वर्षं झाली. गाड्यांच्या कंपन्यांमुळे इथे पुण्या-पिंपरीकडची माणसं भरपूर आहेत. तरी २८ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी मी आमच्या मंडळींत नव्हतो. शेजारच्या आजोबांच्या बेसमेंटमध्ये डेट्रॉइट लायन्सची अमेरिकन फुटबॉलची मॅच बघत होतो. आजोबा सत्तरीचे, उभी हयात कारखान्यात गेलेली. त्यांचा हा संघ २००८ साली सोळाच्या सोळा सामने हरला होता आणि सुपर बोलपर्यंत, म्हणजे या लीगच्या फायनलपर्यंत, कधीच पोचला नव्हता. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला २४-७ अशी आघाडी होती. सुपर बोल फक्त अर्ध्या सामन्यावर होता.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना 'डाऊन' म्हणतात. तीन फसले की चौथ्याला बहुतेक संघ चेंडू लाथेने लांब पाठवून देतात, किंवा गोल जवळ असेल तर किक मारून तीन गुण घेतात. चौथ्या प्रयत्नातही पुढे घुसायचं ठरवलं आणि फसलं, तर चेंडू तिथेच समोरच्या संघाला मिळतो. कबड्डीतल्या 'डू ऑर डाय' चढाईसारखंच, फक्त तिथे नियम भाग पाडतो आणि इथे कोच स्वतः ठरवतो.

लायन्सचे कोच डॅन कॅम्पबेल. तिसऱ्या सत्रात २४-१० असताना चौथा डाऊन आला, दोन यार्ड हवे होते. सुमारे ४५ यार्डांची किक मारून तीन गुण घेता आले असते. कॅम्पबेलनी खेळायचं ठरवलं. आजोबा चेंडू निघायच्या आधीच म्हणाले, "बरोबर आहे, जा." पास लायन्सच्या जॉश रेनॉल्ड्सच्या हातात आला आणि सुटला. मग सॅन फ्रान्सिस्कोचा एक लांब पास आमच्या बचावपटूच्या हेल्मेटवर आपटून उडाला आणि त्यांच्याच ब्रँडन आयुकने झेलला, ५१ यार्ड. शेवटच्या सत्रात तीन गुणांनी मागे असताना कॅम्पबेलनी पुन्हा किक नाकारली, पुन्हा फसलं. निकाल ३४-३१, हार. आजोबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "निर्णय बरोबरच होता."

त्याआधी दोनच महिने, १९ नोव्हेंबरला अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल झाली होती. रोहित शर्माने मॅक्सवेलला एक षटकार, एक चौकार मारला, पुन्हा उचलून मारायला गेला आणि ट्रॅव्हिस हेडने उलटं पळत झेल घेतला. ३१ चेंडूंत ४७. डोंबिवलीहून मामाचा फोन आला: "कॅप्टनने असला बेजबाबदार शॉट मारायचा असतो का रे? दहा रन झाले होते ना ओव्हरमध्ये? मुंबईचा खडूसपणा गेला कुठे?" आमच्या फॅमिली ग्रुपवरही दोन दिवस हेच. पण त्या स्पर्धेत रोहितने ५९७ धावा याच पद्धतीने केल्या होत्या, आणि आधीच्या दहा सामन्यांत याच फटक्यांना आपण 'निःस्वार्थी' म्हणत होतो. तो बाद झाल्यावर सगळे सांभाळून खेळले, तेव्हा उरलेल्या ४० षटकांत चारच चौकार निघाले. मग चुकलं कोण? हा प्रश्न ग्रुपवर कुणी विचारला नाही.

इथले सगळे क्रीडालेखक शहाणे आहेत असं मी म्हणत नाही. टीव्हीवर दुसऱ्या दिवशी कॅम्पबेलना भरपूर शिव्या पडल्या. २००९ मध्ये न्यू इंग्लंड संघाचे कोच बिल बेलिचिकनी सहा गुणांनी पुढे असताना, जेमतेम दोन मिनिटं उरलेली, स्वतःच्या गोलपासून २८ यार्डांवर चौथा डाऊन खेळला आणि इंडियानापोलिसकडून एका गुणाने हरले. तेव्हा तीन सुपर बोल जिंकलेल्या या माणसालाही लोकांनी गर्विष्ठ ठरवलं. खरं तर डेव्हिड रोमर या बर्कलीच्या अर्थशास्त्रज्ञाने २००६ मध्येच हजारो खेळी तपासून दाखवलं होतं की संघ चौथ्या डाऊनला गरजेपेक्षा फार जास्त वेळा किक मारतात. पण ते वर्तमानपत्राच्या क्रीडापानापर्यंत मुरायला वेळ लागला. आज चांगला लेखक लिहितो ते असं: किक मारली असती तर जिंकण्याची शक्यता किती, खेळलं तर किती, फरक किती बारीक. मग सगळे बावीस खेळाडू दिसतील असं चित्रीकरण बघून सांगतो की रचना बरोबर होती, माणूस मोकळा होता, चेंडू हातातून सुटला. २०१२ पासून हे चित्रीकरण सामान्य प्रेक्षकालाही पैसे भरून बघता येतं. आणि सामना संपल्यावर लगेच कोचला पत्रकारांसमोर बसावंच लागतं. कॅम्पबेल बसले, टीका होणार हे मान्य केलं, आणि निर्णयांचा पश्चात्ताप नाही असं स्पष्ट सांगितलं.

आकडेवारीने सगळं कळतं असंही मला वाटत नाही. किकरवर कोचचा भरवसा किती, समोरचा बचाव दमलाय का, हे त्या टक्क्यांत पुरतं येत नाही. शेजारच्या आजोबांना टक्के ठाऊकही नसतील. पण त्यांनी मत आधी दिलं आणि पास सुटल्यावर ते बदललं नाही. आपल्याकडे मला हे हवंय. क्रिकेटवर बारकाईने लिहिणारे आपल्याकडेही आहेत, पण हरलो की चर्चा डावपेचांवरून थेट स्वभावावर जाते: बेजबाबदार, माज आलाय, पैसा झालाय.

म्हणून २९ जून २०२४ ला, बार्बाडोसची टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनल जिंकल्यावर, मीच मामाला फोन लावला. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हवे असताना रोहितने सोळावी आणि अठरावी देऊन बुमराहच्या ओव्हर्स संपवल्या, शेवटची हार्दिकसाठी ठेवली. मिलरचा तो फटका सूर्याच्या हातात न जाता सीमेपार गेला असता तर?

"अरे, जिंकलो ना आपण," मामा म्हणाला, "आता कशाला ते?"

"आताच सांग ना. बुमराहला शेवटची ओव्हर द्यायला हवी होती का?"

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "थांब. सोळाव्याला किती हवे होते म्हणालास?" आणि आम्ही पंधराव्या ओव्हरपासून पुन्हा मोजायला लागलो.