एका कपातलं १४० लिटर पाणी नेमकं कुठलं?

एक संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. फोटो बदलतो, मजकूर तोच. एक कप कॉफीला १४० लिटर पाणी, एका सुती शर्टाला २,७००, किलोभर गोमांसाला १५,०००. मग निष्कर्षांची रांग: हे पाणी कायमचं गेलं, निर्यात करणारा देश आपलं पाणी विकतो, प्रत्येक देशाने स्वतःपुरतं पिकवलं तर जगाचं पाणी वाचेल, तोवर ग्राहकाने जास्त लिटरवाल्या वस्तू टाळाव्यात.

आकडे हवेतून काढलेले नाहीत. लंडनमधले भूगोलतज्ज्ञ टोनी ॲलन यांनी १९९०च्या दशकात ‘आभासी पाणी’ (वस्तू तयार होताना लागलेलं, पण तिच्यात न दिसणारं पाणी) ही कल्पना मांडली, २००८ साली त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. नेदरलँड्सचे आर्येन हुक्स्ट्रा यांनी २००२ साली ‘पाण्याचा ठसा’, म्हणजे एखाद्या वस्तूमागे एकूण किती पाणी लागलं याचं माप, ही संकल्पना आणली आणि पुढे पिकागणिक मोजून दाखवली. संदेशातले आकडे याच परंपरेतले आहेत. घोळ आहे तो त्यांच्या डोक्यावर बसवलेल्या निष्कर्षांत.

‘कॉफीपायी १४० लिटर पाणी संपलं.’

डोंगरउतारावरचं कॉफीचं एक झाड घ्या. पाऊस पडतो, काही पाणी वाहून जातं, काही मातीत मुरतं. मुळं तो ओलावा ओढतात आणि पानांच्या पाठीवरच्या बारीक छिद्रांतून त्याची वाफ होऊन हवेत जाते. वर्षभरात मळ्यातून अशी किती वाफ गेली ते काढायचं, त्याला कॉफीच्या उत्पन्नाने भागायचं आणि एका कपाला लागणाऱ्या सात ग्रॅम पुडीने गुणायचं. आला आकडा. नंतरच्या मोजणीत तो १३० लिटरच्या आसपास उतरला, आणि त्यातलं साधारण ९६ टक्के निव्वळ पावसाचं पाणी आहे. उद्या कोणीच कॉफी प्यायलं नाही आणि त्या उतारावर पुन्हा रान माजलं, तर ते रानही पाणी पिणारच, बहुधा कॉफीपेक्षा जास्त. मग वाचलं काय?

हुक्स्ट्रांनी म्हणूनच पाण्याला तीन रंग दिले होते. हिरवं म्हणजे मातीतला पावसाचा ओलावा. निळं म्हणजे नदी, तलाव, विहिरीतून उचललेलं. मराठी माणसाला हा भेद समजावून सांगायची गरज नाही, आपल्याकडे त्याला जिरायत आणि बागायत हे शब्द आधीपासून आहेत. तिसरं करडं पाणी तर कोणी वापरलेलंच नसतं: शेतातून नदीत गेलेली खतं-रसायनं चालण्याजोगी पातळ करायला जितकं पाणी लागेल, तितकं कागदावर धरायचं. संदेशात या तिघांची बेरीज होते आणि रंग उडून जातात. गोमांसाचे साधारण १५,४०० लिटर फोडून पाहिले तर सुमारे १४,४०० हिरवे, ५५० निळे, ४५० करडे. (गोमांसाला निर्दोष ठरवायचं नाहीये. जंगलतोड आणि मिथेन आहेतच, पण तो वेगळा हिशेब आहे.)

‘निर्यात म्हणजे पाणी विकणं, स्वतःपुरतं पिकवा.’

हे दोन दावे एकत्रच घ्यावे लागतील, कारण एका देशाने दोन्ही करून पाहिलं. सौदी अरेबियाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस गव्हात स्वयंपूर्ण व्हायचं ठरवलं. वाळवंटात खोल विहिरी पडल्या, चाकांवर फिरणाऱ्या लांबलचक पाइपांनी मधल्या खुंटाभोवती वर्तुळं भिजवली आणि विमानातून वाळूवर हिरव्या चकत्या दिसू लागल्या. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गव्हाचं पीक ४० लाख टनांच्या घरात गेलं आणि देश चक्क निर्यात करू लागला. खालचं पाणी मात्र हजारो वर्षांपूर्वीच्या ओल्या काळात साठलेलं होतं, वरून भर जवळजवळ शून्य. ‘कायमचं गेलं’ हे वाक्य कॉफीला लागू नाही, इथे ते शब्दशः लागू आहे. २००८ साली सरकारने माघार घेतली आणि २०१६पर्यंत देशी गव्हाची खरेदी बंद करायचं ठरवलं. पाण्याचा सत्यानाश स्वयंपूर्णतेच्या हट्टाने झाला, निर्यात ही त्याची शेपटी.

ॲलन यांचं म्हणणं मुळात हेच होतं. पश्चिम आशियात पाण्याचा खडखडाट असताना अन्न पुरतं कसं, तर धान्याच्या बोटींतून पाणीच येतं. जिथे पिकाला कमी पाणी लागतं तिथून माल येतो, तेव्हा जगाच्या पातळीवर बचतही होते. १९९६ ते २००५ या काळासाठी शेतमालाच्या व्यापारातून वर्षाला सुमारे ३६९ घन किलोमीटर पाणी वाचल्याचा अंदाज आहे. मात्र व्यापाराला यासाठी शाबासकी द्यायला मी तयार नाही. कोणताही व्यापारी पाणी वाचवायला गहू हलवत नाही, तो भाव पाहतो. बचत झाली ती ओघात.

ओघात नुकसानही होतं. २०१७ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातल्या एका अभ्यासाने दाखवलं की सिंचनासाठी होणाऱ्या भूजलाच्या अतिउपशापैकी सुमारे ११ टक्के उपसा परदेशी जाणाऱ्या अन्नासाठी होतो, आणि त्यातला दोन-तृतीयांश पाकिस्तान, अमेरिका आणि भारत या तीन देशांतून. संदेशातलं हे खरं, आणि गंभीर. पण मग उरलेल्या ८९ टक्क्यांचं काय? ते पाणी निर्यात थांबवून परत येत नाही, ते घरच्याच बाजारात खपतंय.

सौदीतल्याच एका मोठ्या दूध कंपनीने २०१४ साली ॲरिझोनात जमीन घेतली आणि गायींसाठी लसूणघास पिकवून मायदेशी धाडली. तिथे बोंब परदेशी मालकाविरुद्ध झाली. परंतु राज्याच्या त्या भागात जमीनधारकाने किती उपसावं याला जवळपास मर्यादाच नव्हती, आणि शेजारच्या अमेरिकन शेतकऱ्यालाही तोच नियम लागू होता. २०२३ साली राज्यपालांनी सरकारी जमिनीचा एक भाडेपट्टा रद्द केला. घास कुणाच्या गायीने खाल्ली हे भूजलाला कळत नाही.

‘कमी लिटरवाली वस्तू घ्या.’

पश्चिम आफ्रिकेतला बराचसा कापूस जिरायती आहे. उत्पन्न कमी, म्हणून किलोमागे लिटर जास्तही भरतील. मध्य आशियातला कापूस कालव्यांवरचा. १९६०पासून अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या त्याच्याकडे वळवल्या आणि एके काळी जगातल्या सरोवरांत आकाराने चौथा असलेला अरल समुद्र आटला. उझबेकिस्तानातल्या मोयनाक या त्याच्या जुन्या बंदरात गंजलेल्या बोटी वाळूत उभ्या आहेत. लिटर पाहून शर्ट निवडणारा पहिला नाकारून दुसरा घेऊ शकतो.

आणि काही वस्तू संदेशात येतच नाहीत, कारण त्यांचा आकडा धक्का देत नाही. दोन ग्रॅमच्या मेमरी चिपला सुमारे ३२ लिटर पाणी लागतं असा २००२मधला अंदाज आहे, म्हणजे कपभर कॉफीचा चौथा हिस्सा. २०२१ साली तैवानात दुष्काळ पडला. हजारो हेक्टर शेतीचं कालव्याचं पाणी सरकारने तोडलं, भात लावायचा राहिला, आणि चिपचे कारखाने टँकर लावून चालू राहिले.