झाकली मूठ आणि थकलेला कर: ‘एक करदाता’ यांना उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा डोकं तापलं. दुसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आलं की एका ठिकाणी तुम्ही मला बरोब्बर पकडलंय. म्हणून दोन ओळीत आभार मानून पळ काढण्याऐवजी सविस्तर लिहितोय.

इतरांसाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की हातात पैसे नसले तरी आयकराचं रिटर्न मुदतीत भरून टाका, कर मागाहून चुकता करा. त्यावर तुमचे आक्षेप असे: पैसे नसताना रिटर्न भरणं म्हणजे आपणहून खात्याला थकबाकीची कबुली लिहून देणं, त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची, हप्ते पाडून मिळणं हा करदात्याचा हक्क आहे हे माझं वाक्य साफ चूक, आणि माझ्यासारख्यांमुळे पगारातून मुकाट्याने कर कापू देणारा माणूस खुळा ठरतो. शेवटी तुम्ही सांगितलंत की तुमच्या पुतण्याने तुमच्या सल्ल्यावरून यंदाचं रिटर्न अजून भरलेलं नाही, पैसे जमले की भरेल. त्या ओळीने मला खरं लिहायला बसवलं.

हप्त्यांचं आधी, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. ‘हक्क’ हा शब्द मी वापरायला नको होता. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २२०(३) सांगतं की मागणीच्या नोटिशीची मुदत, म्हणजे साधारण ३० दिवस, संपायच्या आत अर्ज केला तर अधिकारी मुदत वाढवू शकतो किंवा हप्ते देऊ शकतो. ‘शकतो’. देईलच असं नाही. हप्ते मिळाले तरी महिना एक टक्का व्याज चालूच राहतं, आणि एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम त्याच दिवशी थकीत धरली जाते. हे शेवटचं मी लिहिलंच नव्हतं, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं होतं.

हप्त्यांसाठीचा माझा स्वतःचा अर्ज एका पानाचा होता. सोबत सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, कोणाकडून किती येणं बाकी आहे त्याची यादी, चार हप्त्यांचा प्रस्ताव, आणि पहिल्या हप्त्याइतकी रक्कम आधीच भरल्याचं चलन. समोरच्या अधिकाऱ्यांनी अर्ज वाचलाच नाही. पानं उलटत थेट चलनापाशी गेले, त्यावरचं करनिर्धारण वर्ष बोटाने तपासलं आणि मग म्हणाले, ‘बसा.’ तोवर मी उभाच होतो. मंजुरी मिळाली ती त्या चलनामुळे, असं माझं ठाम मत आहे. रिकाम्या हाताने गेलो असतो तर माझ्या अडचणींची कहाणी त्यांनी रोज ऐकतात तशीच ऐकली असती.

आता मुठीचं. मूठ झाकलेली असती तर तुमचा सल्ला निदान व्यवहारी तरी ठरला असता. पण ती केव्हाचीच उघडी आहे! पुतण्या व्यावसायिक कामं घेतो म्हणता, म्हणजे पैसे देणाऱ्यांनी कलम १९४जे (व्यावसायिक फी) खाली दहा टक्के टीडीएस, म्हणजे मुळातूनच कापलेला कर, कापला असणार. तो त्याच्या पॅनवर २६एएसमधे, म्हणजे खात्याकडच्या कापलेल्या कराच्या उताऱ्यात, दिसतो. बँकेचं व्याज, म्युच्युअल फंडाची विक्री वगैरे एआयएसमधे, म्हणजे खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसतं. रिटर्न न भरल्याने खात्याला एकच गोष्ट नव्याने कळते: याने रिटर्न भरलेलं नाही.

किंमत किती पडते ते आकड्यात बघा. यंदा (२०२५) मुदत वाढत वाढत १६ सप्टेंबरपर्यंत गेली, पण समजायला सोपं जावं म्हणून मूळची ३१ जुलैच धरतो. टीडीएस वजा जाऊन ८०,००० रुपये कर बाकी आहे, अग्रिम कर (वर्ष संपायच्या आत आगाऊ भरायचा कर) काहीच भरलेला नाही, आणि पैसे हातात येणार २० डिसेंबरला. रिटर्न जुलैत भरलं आणि पैसे डिसेंबरात, तर अग्रिम कर न भरल्याबद्दलचं २३४बी चं व्याज एप्रिल ते डिसेंबर, नऊ महिन्यांचं ७,२०० रुपये. (अग्रिम कराचे हप्ते चुकल्याचं २३४सी चं व्याज वेगळं, पण ते दोन्हीकडे सारखंच.) रिटर्नही डिसेंबरातच भरलं तर हे ७,२०० आहेतच; वर रिटर्नच्या उशिराबद्दल २३४ए चे ऑगस्ट ते डिसेंबर पाच महिन्यांचे ४,००० आणि उशिराचं शुल्क ५,०००. उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क १,०००. म्हणजे मूठ झाकायची किंमत ९,००० रुपये, आणि तीही ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडून.

तुम्ही ‘दोन-दोन व्याजं’ म्हणालात. रिटर्न उशिरा भरणाऱ्याला ती लागतातच, वर बघितलंत. पण वेळेवर भरणाऱ्याच्या बाबतीत २३४बी आणि २२०(२), म्हणजे मागणी थकल्यावरचं व्याज, एकावर एक चढत नाहीत. रिटर्न तपासून खातं पाठवतं ती १४३(१) ची सूचना निघाली की पहिलं थांबतं, आणि नोटिशीचे ३० दिवस उलटले की दुसरं सुरू होतं. दोन्ही सरळव्याजच. वर्षाचे बारा टक्के स्वस्त नाहीत, पण क्रेडिट कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास मोजून ‘एकदाचा कर फिटला’ म्हणणारे लोक मी पाहिलेत. आगीतून उठून फुफाट्यात!

शिवाय मुदत चुकवली की जुनी करप्रणाली निवडता येत नाही, आणि धंद्यातला किंवा शेअरमधला तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही. ज्याचं गृहकर्ज आणि विमा जुन्या प्रणालीत वजा जातो त्याला हा फटका व्याजापेक्षा मोठा बसू शकतो.

आणि हो, कर बाकी ठेवून रिटर्न भरता येतं का, या तुमच्या शंकेबद्दल. एके काळी असं रिटर्न सदोष धरलं जाई. २०१३ मधे घातलेली ती तरतूद २०१७ पासून काढून टाकली. आज पोर्टलवर शेवटच्या टप्प्यात दोन बटणं येतात, ‘पे नाऊ’ आणि ‘पे लेटर’. दुसरं दाबलं की थकबाकीदार ठरू शकाल असा इशारा येतो. त्या इशाऱ्यासमोर मी अर्धा तास बसलो होतो. मग निदान वीस हजार तरी भरू म्हणून मागे गेलो, चलन केलं आणि पुन्हा आलो. अर्धवट भरलेले पैसे वाया जात नाहीत: आधी शुल्क, मग व्याज, उरेल ते करात वळतं, आणि पुढचं व्याज उरलेल्या करावरच लागतं. फक्त चलनाचा प्रकार नीट बघा. रिटर्नसोबतच्या करासाठी चलनावर ३०० हा प्रकार, मागणी आल्यावर ४००. मागणी आल्यावर ३०० खाली भरलं की पैसे गेलेले असतात आणि मागणी मात्र जागच्या जागी.

तुरुंगाचा धाक तुम्ही घातलाय तो अर्धाच खरा. २७६सी(२) खाली तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते, पण ती कर ‘जाणूनबुजून’ चुकवण्याच्या प्रयत्नाला. कलम २२१ चा दंड थकबाकीइतका होऊ शकतो, मात्र आधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं आणि सबळ कारण पटलं तर तो लागत नाही. अशा वेळी आपल्या बाजूने काय असतं? वेळेवर भरलेलं रिटर्न, थोडं थोडं भरल्याची चलनं, मुदतीतला अर्ज. उत्तरच न देणाऱ्याची बँक खाती २२६(३) खाली गोठतात, तेव्हा त्याच्या हातात दाखवायला काहीच नसतं.

फुकटेगिरीच्या आरोपाबद्दल मी फार वाद घालणार नाही. कमाईतले वीस टक्के बाजूला ठेवायला हवे होते, १५ मार्चच्या आत अग्रिम कर म्हणून जायला हवे होते. तो पैसा माझा नव्हताच. त्यातला अर्धा घरातल्या आजारपणात गेला आणि अर्धा एका लॅपटॉपमधे, जो आणखी वर्षभर थांबू शकला असता. पगारदाराला ही उधळपट्टी करायची संधीच मिळत नाही, यात तुमचा राग रास्त आहे. पण तुम्ही दिलेला २०२४ च्या करमागणी-माफीचा दाखला इथे लागू नाही. ती माफी २००९-१० पर्यंतच्या २५,००० पर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १०,००० पर्यंतच्या जुन्या मागण्यांना होती. तिच्या आशेवर कोणी आजचा कर थकवत असेल तर त्याला तुमच्याइतकाच मीही ओरडेन.

आता पुतण्याचं. हे लिहितोय तेव्हा नोव्हेंबर २०२५ संपत आलाय. ३१ डिसेंबरपर्यंत त्याला उशिराचं रिटर्न भरता येईल, आणि तेही कर बाकी ठेवून. ती तारीख गेली की उरतं अद्ययावत रिटर्न, आयटीआर-यू. चार वर्षांपर्यंत ते भरता येतं, पण कर आणि व्याजावर पहिल्या वर्षात २५ टक्के जादा, पुढे ५०, ६०, ७०. आणि सगळे पैसे आधी भरून त्याचा पुरावा जोडल्याशिवाय ते दाखलच होत नाही. ‘पे लेटर’चं बटण तिथे नाही. पैसे जमेपर्यंत थांब म्हणून तुम्ही त्याला जिकडे नेताय, तिथे पैसे नसलेल्याला दारच नाही.

त्याला आधी २६एएस उघडून टीडीएस जुळतोय का बघायला सांगा. माझ्या मागणीतले अकरा हजार केवळ एका ग्राहकाने कापलेला कर माझ्या पॅनवर दाखवला नव्हता म्हणून आले होते. त्याने दुरुस्ती केल्यावर कलम १५४ खाली चूकदुरुस्तीचा अर्ज करून ते कमी झाले.

मूळ लेखातलं ‘हक्क’वालं वाक्य खोडून ठेवलंय, पुसलेलं नाही, खाली तुमचा उल्लेख केलाय. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे हे सगळे आकडे वेगळे आहेत. त्यात पुन्हा कुठे चुकलो तर कळवा.