‘एसीत बसून गरिबी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यातल्या लेखात माझं म्हणणं एवढंच होतं, की गरिबी घटल्याचे आकडे पुढे करून रेशनच्या आणि निराधारांच्या यादीतली नावं कापू नका. त्यावर एका वाचकांनी सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे. ते आठ एकरांचे बागायतदार आहेत. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: माझ्या लेखातले दोन आकडे चुकलेत, भारत आता जगातल्या सर्वांत समान देशांपैकी एक आहे, लाडकी बहीण आल्यापासून खुरपणीला बाया मिळत नाहीत आणि या वाटपापायी राज्य कर्जात बुडतंय. शेवटी हे वाक्य: ‘ताई, एसीत बसून गरिबीवर लिहायला काय जातं? खरा गरीब आता उरलाय कुठे, सगळे उत्पन्नाच्या खोट्या दाखल्यांवर जगतायत.’

चुकांबद्दल आधी. दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांचा दारिद्र्यावरचा अभ्यास 1971 चा, मी 1970 लिहिलं होतं. ते दुरुस्त केलंय. अतिगरिबी 2.3 टक्क्यांवर आली असं लिहिताना ती जागतिक बँकेच्या रोजच्या 2.15 डॉलरच्या रेषेवर मोजलेली आहे, हे सांगायचं राहिलं. बँकेने 2025 मध्ये रेषा 3 डॉलरवर नेली आणि त्याच 2022-23 सालासाठी आकडा 5.3 टक्के झाला. तुमचं बरोबर आहे, आभार. पण एका रात्रीत रेष सरकली आणि गरीब दुपटीहून जास्त झाले, त्यांच्या ताटात काहीच बदललं नव्हतं, हे तुम्हीच दाखवून दिलंत. माझा लेख याहून वेगळं काय सांगत होता?

आता ‘ताई’बद्दल. ताई म्हणून सुरुवात करायची आणि पुढच्याच शब्दाला तोंडात मारायची, ही कुठली रीत? मतभेद असू द्यात, मी इथे पाच वर्षं लिहितेय, याहून कडक प्रतिक्रिया मी छापल्या आहेत. पण त्या लेखावर होत्या. तुम्ही मला कधी पाहिलं नाही, मी कुठे बसून लिहिते हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि तरी तुम्ही माझ्या घरात एसी लावून मोकळे झालात. माझ्या घरात एसी नाही. असता तरी मी हेच लिहिलं असतं.

खोट्या दाखल्यांचं म्हणता ना, मग खऱ्याचं काय होतं ते ऐका. 2002 मध्ये गावोगाव दारिद्र्यरेषेचं सर्वेक्षण झालं. 13 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण. जमीन किती, घर कसलं, जेवण किती वेळा, कर्ज कुणाचं, आणि माणशी कपडे किती. दोनपेक्षा कमी कपडे असतील तर शून्य, दहा किंवा जास्त असतील तर चार. गुण जितके कमी तितके तुम्ही गरीब. मी तेव्हा अकरावीत होते. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. आई दिवसा दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची आणि रात्री चिमणीच्या उजेडात लोकांच्या वाकळा शिवायची. त्यासाठी गावातल्या बाया जुनी लुगडी आणून टाकायच्या, त्यांचा ढीग आमच्या घरात कोपऱ्यात छातीएवढा असायचा. धुवून घड्या घातलेला, कारण मळकं लुगडं सुईला धरत नाही असं आई म्हणायची.

सर्वे करायला आलेले गृहस्थ उंबऱ्यावरच थांबले. कागद मांडीवर. कपड्यांचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं आणि चारवर खूण केली. आई म्हणाली, ‘ती लोकाची हायती, सायब. शिवायला आल्यात.’ ते म्हणाले, ‘बाई, दिसतंय ते लिहावं लागतं.’ आईची स्वतःची दोन लुगडी होती, एक अंगावर आणि एक दोरीवर. ते दोरीवरचंही तिने दाखवलं. कुकर आहे का विचारलं तर ‘आहे’ म्हणाली. मामाने दिलेला होता, त्याची शिट्टी कधीच गेलेली, भाकरीचं टोपलं झाकायला त्याचं झाकण वापरायचो. ‘नाही’ म्हणायला काय लागत होतं? शेजारच्यांनी तर आदल्या रात्री टीव्ही भावकीत नेऊन ठेवला होता. आईला ते जमलं नाही.

यादी लागली तेव्हा आम्ही दोन गुणांनी बाहेर होतो. घरकुल त्या यादीवरूनच मिळायचं. तिसऱ्या पावसाळ्यात आमची मागची भिंत बसली, आणि मी शहरात कामाला लागून पैसे पाठवीपर्यंत आईने तिथे ताडपत्री बांधून काढली. या देशात गरिबी कशी मोजतात ते मी कुठल्या अहवालातून शिकले नाही. लुगड्यांच्या त्या ढिगाऱ्यापाशी उभी राहून शिकले. मला ‘एसीत बसून’ म्हणणाऱ्याने आधी एवढं तरी विचारायला हवं होतं, की तुम्ही कुठून आलात.

आणि खोटे दाखले येतात कुठून, त्याचंही उत्तर द्यायला हवं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर आपल्या राज्यात केशरी कार्डावर धान्य मिळण्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरली ती गावात 44,000 आणि शहरात 59,000 रुपये. गावातल्या घराला महिन्याला 3,667 रुपये. उलट केंद्राच्याच 2023-24 च्या खर्च पाहणीत गावातल्या एका माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च 4,122 रुपये आला. सरासरी माणूस एकटा जेवढं खर्चतो, त्याहूनही अख्ख्या कुटुंबाची मर्यादा कमी! खरं उत्पन्न लिहिलं तर शेतमजुराचं घरही यादीबाहेर जातं. मग दाखल्यावर 40,000 लिहिलं जातं, देणाऱ्यालाही ठाऊक असतं, घेणाऱ्यालाही. खोटं बोलल्याशिवाय पाच किलो धान्य मिळू नये अशी मर्यादा ज्यांनी ठेवली त्यांना तुम्ही एक शब्द बोलत नाही, आणि रांगेतल्या म्हातारीला खोटारडी म्हणता. याचा मला राग येतो. येणारच.

समान देशाबद्दल दोन वाक्यांत. तुमचा आकडा खर्चाच्या असमानतेचा आहे, 25.5 चा गिनी निर्देशांक (0 म्हणजे सगळे समान, 100 म्हणजे सगळं एकाकडे). शंभरपट कमावणारा शंभरपट भाकऱ्या खात नाही, त्यामुळे खर्चावरून मोजलं की दरी लहानच दिसते. उत्पन्नाचा अंदाज असमानता मोजणाऱ्या वर्ल्ड इनिक्वालिटी लॅबच्या अभ्यासकांनी काढलाय: 2022-23 मध्ये वरच्या एक टक्क्याकडे 22.6 टक्के उत्पन्न आणि 40.1 टक्के संपत्ती. त्या अंदाजावर वाद आहेत, मला माहीत आहे, पण खर्चाच्या आकड्याला उत्पन्नाचा आकडा म्हणून खपवू नका.

राज्याच्या कर्जावर मी त्या लेखात काही लिहिलं नव्हतं, इथेही लिहिणार नाही. तो वेगळा विषय आहे.

राहिली खुरपणी. लाडक्या बहिणीचे महिन्याला 1,500, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. पन्नास रुपयांसाठी कुणी बाई हजेरी (दिवसाची मजुरी) बुडवून घरी बसते, हे माझ्या आईला सांगून बघा. आणि बसलीच असेल, तर जिला पन्नास रुपयांचा आधार मिळाल्यावर तुमच्या बांधाला ‘नाही’ म्हणता आलं, तिला आधी कशाच्या जोरावर बोलवत होता? उन्हात आठ तास वाकून काढलेल्या तणाचे तुम्ही काय देता, ते तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. पिकाचा भाव आहे, खताचा भाव आहे, ट्रॅक्टरचं भाडं आहे. बाईची हजेरी नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहिलंत तर तेही इथे छापेन. फक्त त्यात हजेरीचा आकडा लिहा, बाईचा आणि गड्याचा वेगवेगळा.