ते वचन आज त्या घरात वाचायला नको होतं

आज एका घरी सांत्वनाच्या प्रार्थनेला गेले होते. १९ वर्षांचा मुलगा, अपघात, आज चौथा दिवस. ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर मुलाचा स्वेटर, त्याची एक बाही मुठीत घट्ट धरलेली. आणि मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी इब्री १२ काढलं, म्हणजे बायबलातल्या इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राचा बारावा अध्याय, सहावं वचन. ज्याच्यावर प्रभू प्रीती करतो त्याला तो शिक्षा करतो. वर म्हणाले, "ताई, देवाला तुम्हाला काहीतरी शिकवायचंय."

ताईंनी मान वर केली नाही. ती बाही दुमडत राहिल्या, उलगडत राहिल्या.

मी तिथे गप्प बसले. त्याचा जास्त राग येतोय.

हे वचन मला परकं नाही. पप्पांना लकवा झाला तेव्हा मी २४ वर्षांची होते. पुण्यातली नोकरी हातात आलेली, ती सोडली. त्यांची डावी बाजू पूर्ण गेली होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. बाराला आई, दोनला मी, चारला आई. गजर वाजला की मी दातओठ खात उठायचे. आधी त्यांचा तो लुळा हात छातीवर ठेवायचा, मग गुडघा वाकवायचा, मग खांद्याला आणि कमरेला धरून एका दमात वळवायचं. पाठीला पावडर. कित्येक महिने हे सगळं मी देवाशी भांडत भांडत केलं.

दुसऱ्या वर्षी कधीतरी लक्षात आलं, गजराच्या आधीच जाग येतेय. हात उचलताना मी तो हळू उचलतेय. त्या रात्री इब्री १२ मला पहिल्यांदा कळलं. आपल्या मराठी बायबलात तिथे 'वळण' हा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दही लेकराला घडवण्याचा आहे, कोर्टातल्या शिक्षेचा नाही. मला वळण लागलं. ही साक्ष मी कुठेही उभी राहून देईन.

पण ती मी द्यायची! तीही मागाहून. पहिल्या महिन्यात कोणी येऊन मला हे ऐकवलं असतं तर त्याला दार दाखवलं असतं. आणि पप्पांबद्दल तर मी आजही असं म्हणणार नाही. मला वळण लागावं म्हणून देवाने त्यांना अंथरुणाला खिळवलं? तो माझा देव नव्हे.

हेतू चांगला होता, मान्य. काहींना याच वचनाने धीर येतो, तेही मान्य. पण सहाव्या वचनावर पुस्तक मिटता कशाला? बाराव्यापर्यंत वाचा ना. गळालेले हात आणि लटपटणारे गुडघे सावरा, असं तिथे लिहिलंय. ते वाचलं की मला पप्पांचा हात आठवतो. ज्यांना हे पत्र लिहिलं त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, आणि लिहिणारा नुसतं 'तुम्हाला' नाही, 'आपल्याला'ही म्हणतो.

बायबलातल्या ईयोबाने लेकरं, मालमत्ता, सगळं गमावलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर मुकाट बसले. तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला. जन्मांधाला पाहून येशूच्या शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? प्रभू म्हणाला, कोणाचंच नाही. हे आपण रविवारी ऐकतो आणि सोमवारी विसरतो.

पंडिता रमाबाईंची आठवण येते. दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. तरी बायबलचं भाषांतर पुरं करूनच १९२२ मध्ये डोळे मिटले. दुःखात देव शोधायचा हक्क त्या बाईइतका कोणाला होता? आणि १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तिथल्या उपाशी मुलींना घेऊन आल्या. आधी जेवू घातलं.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला. ते गृहस्थही घाबरले असतील. पोरगं गेलेल्या आईपुढे काय बोलायचं हे मला तरी कुठे कळलं?

पप्पांना जाऊन ११ वर्षं झाली. अजून रात्री दोनला जाग येते. आज आली की ताईंसाठी प्रार्थना करीन. उद्या साडेनऊला डबा घेऊन जातेय. कोणाला यायचं असेल तर फोन करा. पोळ्या मी करते, भाजी कोणीतरी आणा.