सर्टुइन म्हणजे आयुष्य वाढवायचं बटण नव्हे

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: सर्टुइन ही दीर्घायुष्याची प्रथिनं आहेत, लाल वाइनमधल्या रेझव्हेराट्रॉलने ती जागी होतात, उपासानेही होतात, आणि एनएमएनची (शरीर ज्यापासून एनएडी नावाचा रेणू बनवतं त्या पदार्थाची) गोळी घेतली की म्हातारपण थांबतं. प्रत्येक दाव्यामागे काहीतरी खरं संशोधन आहे, म्हणून लोकांना तो पटतो. पण निवृत्तिवेतनातून महागड्या गोळ्या घेणाऱ्यांना उरलेली अर्धी गोष्टही कळायला हवी.

"दीर्घायुष्याचं जनुक सापडलं." सापडलं ते यीस्टमध्ये. १९९९ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या लेनर्ड ग्वारेन्टे यांच्या गटाने यीस्टचं सर्टुइन बनवणाऱ्या सर-२ जनुकाची जादा प्रत घातली, तेव्हा यीस्टच्या पेशी सुमारे ३० टक्के जास्त वेळा विभागल्या. पुढे कृमी आणि फळमाश्यांतही आयुष्य वाढल्याचे निष्कर्ष आले. मात्र २०११ मध्ये जनुकीय पार्श्वभूमी, म्हणजे बाकीची जनुकं, सारखी ठेवून तेच प्रयोग तपासले, तेव्हा तो फायदा दिसेनासा झाला.

सस्तन प्राण्यांत तर सर्टुइन एक नाही, सात आहेत. सर्ट-१, ६ आणि ७ मुख्यतः पेशीकेंद्रकात, सर्ट-२ पेशीद्रवात, तर ३, ४ आणि ५ मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांत. बहुतेकांचं काम इतर प्रथिनांवरचे ॲसिटिलसारखे छोटे रासायनिक गट काढून टाकायचं, आणि त्यासाठी एनएडी हा रेणू खर्ची पडतो. अन्नातून ऊर्जा काढतानाही हाच रेणू लागतो, म्हणून पेशीतल्या ऊर्जेची स्थिती सर्टुइनना कळते. मला यातलं खरं नवल इथेच वाटतं.

आयुष्याचं काय? सर्ट-६ नसलेली उंदराची पिल्लं महिन्याभरात मरतात. २०१२ च्या प्रयोगात सर्ट-६ वाढवल्यावर नर उंदीर जास्त जगले, माद्या नाहीत. सर्ट-१ सगळ्या शरीरात वाढवलेले उंदीर म्हातारपणी जास्त निरोगी राहिले, पण जास्त जगले नाहीत. फक्त मेंदूत सर्ट-१ वाढवल्यावर मात्र जास्त जगले. कुठलं सर्टुइन, कुठल्या अवयवात, नर की मादी, यावर उत्तर बदलतं.

"रोज ग्लासभर लाल वाइन घ्या." २००६ चा गाजलेला प्रयोग चरबीयुक्त आहारावर लठ्ठ झालेल्या उंदरांवर होता. साध्या आहारावरच्या उंदरांचं आयुष्य रेझव्हेराट्रॉलने वाढलं नाही. शिवाय मात्रा होती किलोमागे दिवसाला सुमारे २२ मिलिग्रॅम. माणसासाठी ती प्रमाणात कमी केली तरी शंभर मिलिग्रॅमच्या वर जाते, आणि वाइनच्या लिटरमध्ये ते असतं जेमतेम काही मिलिग्रॅम. म्हणजे रोज दहा लिटरांहून जास्त वाइन! मद्याचं नुकसान वेगळंच.

"उपासाने सर्टुइन जागे होतात." हे बरंचसं खरं. उपाशी उंदराच्या यकृतात सर्ट-१ साखर तयार करण्याच्या कामाला हातभार लावतं, मायटोकाँड्रियातलं सर्ट-३ चरबी जाळायला मदत करतं. पण ही उपासमारीशी जुळवून घेण्याची सोय आहे. तिच्यावरून माणसाची वर्षं वाढतात असं म्हणता येत नाही. आणि इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याने असा मेसेज वाचून, डॉक्टरांना न विचारता सोळा तास उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

एनएमएनने रक्तातला एनएडी वाढतो, हे माणसांत दिसलंय. २०२१ च्या एका चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २५ स्त्रिया होत्या. दहा आठवड्यांनी, गोळी घेणाऱ्यांच्या स्नायूंचा इन्सुलिनला प्रतिसाद सुधारला. वजन घटलं नाही. आयुष्य त्यात मोजलेलंच नव्हतं.