स्ट्रॉबेरीची साल पेरून ४५ दिवसांत फळं येत नाहीत

हिवाळा लागला की एक संदेश दरवर्षी नव्याने फिरू लागतो, बहुतेक वेळा व्हिडिओसकट. मजकूर थोड्याफार फरकाने असा: "बाजारातून पिकलेली स्ट्रॉबेरी आणा. बियांसकट वरची साल सुरीने तासून कुंडीत पेरा. ४५ दिवसांत फळं. कुंडी कडक उन्हात ठेवा, रोज भरपूर पाणी घाला. खत विकत आणू नका. केळीची साल, अंड्याची टरफलं, कॉफीचा चोथा पुरे. पान पिवळं पडलं तर एप्सम मीठ, भुरी आली तर खाण्याचा सोडा. वर्षभर स्ट्रॉबेरी खा."

यातलं बरंचसं अर्धवट खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. तीन-चार महिने खपून हाती काही आलं नाही की माणूस म्हणतो, आपल्या हातालाच यश नाही. हाताचा दोष नसतो. घरी स्ट्रॉबेरी नक्की येते, फक्त या कृतीने नाही. एकेक मुद्दा घेऊ.

"साल पेरा, ४५ दिवसांत फळं"

बी उगवतं, हे खरं. ओलसर कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) नुसतं टेकवून ठेवलं, वर माती ओढली नाही आणि उजेड मिळाला, तर दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसतात. पण महिन्याभराचं रोप नखाएवढं असतं. त्याला फूल यायला साधारण पाच-सहा महिने लागतात. आता हिशेब करा: महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात भरपूर येते डिसेंबरात. तेव्हा पेरलेलं रोप फुलायच्या वयात येतं ते ऐन उन्हाळ्यात किंवा पावसाच्या तोंडावर, म्हणजे या झाडाला सगळ्यात नकोशा काळात.

दुसरी अडचण वंशाची. बाजारातली स्ट्रॉबेरी हा संकर आहे. अमेरिका खंडातल्या दोन जाती अठराव्या शतकात फ्रान्समध्ये एकत्र आल्या, त्यातून ती झाली. तिच्या बियांतून आईसारखं झाड येत नाही. फळ बारीक निघेल, आंबट निघेल, कदाचित निघणारच नाही. म्हणून महाबळेश्वर, पाचगणी, वाई भागातले शेतकरी फळासाठी बी पेरत नाहीत. मातृरोपांना फुटलेल्या रनरपासून, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या लांब फांदीला फुटलेल्या पिल्लांपासून, रोपं करतात आणि ती सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतात. ४५ ते ६० दिवस हा आकडा या तयार रोपांचा आहे. संदेशात तो बियांना चिकटवला आहे. ऑनलाइन विकलं जाणारं निळ्या स्ट्रॉबेरीचं बी तर घेऊच नका, निळी स्ट्रॉबेरी अस्तित्वातच नाही.

ऑक्टोबरात स्वीट चार्ली किंवा विंटर डॉन जातीची रनरची रोपं आणा. एका रोपाला ८ इंची कुंडी पुरते. मुळं उथळ असतात, फार खोल कुंडीत तळाचं मिश्रण ओलंच राहून कुजतं. मिश्रण: ४ भाग कोकोपीट, ३ भाग गांडूळखत, २ भाग माती, १ भाग भाताची तुसं किंवा परलाइट (हलके, पांढरे खनिज कण), वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोन-तीनदा भिजवून निथळून घ्या, त्यात क्षार असतात. लावताना रोपाचा मधला कोंब मातीच्या पातळीला, उघडा राहिला पाहिजे. तो गाडला गेला तर सडतो, मुळं उघडी राहिली तर रोप सुकतं. घरी मेलेल्या रोपांमागे हे कारण फार वेळा असतं आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही. पाच-सहा चांगली पानं येईपर्यंत आलेली फुलं खुडा, आणि फळं धरू लागली की रनर कापत राहा.

"कडक ऊन, रोज भरपूर पाणी"

सहा ते आठ तास ऊन हवंच, पण ते हिवाळ्याचं. फेब्रुवारी संपता संपता दुपारच्या उन्हाला ५० टक्क्यांची हिरवी जाळी लावा. पाणी घड्याळ बघून घालू नका. बोट इंचभर खुपसा, कोरडं लागलं तरच सकाळी कुंडीच्या कडेने घाला, पानांवर आणि कोंबात नको. सततच्या ओलीने मुळं गुदमरतात. फळ ओल्या मातीला टेकलं की त्यावर करडी बुरशी येते. खाली भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट पसरा.

"पान पिवळं पडलं तर एप्सम मीठ"

इथे थांबायला हवं, कारण या सल्ल्याने झाडं बिघडू शकतात. एप्सम मिठात मॅग्नेशियम असतं. मॅग्नेशियमची कमतरता जुन्या, खालच्या पानांवर दिसते: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. असं असेल तर लिटरला ५ ग्रॅम घेऊन एक फवारा योग्य आहे. पण शहरी कुंड्यांत बहुधा उलटं चित्र असतं: नवी, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. ही लोहाची कमतरता. मिश्रणात लोह असतं, पण सामू (आम्लता मोजणारा आकडा, म्हणजे पीएच) वाढल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. स्ट्रॉबेरीला ५.५ ते ६.५ सामू मानवतो. बोअरच्या जड पाण्याने तो हळूहळू ७.५ च्या पुढे जातो आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागतो. त्यात अंड्याची टरफलं घातली तर आणखी चुनाच पडला. वरून एप्सम मीठ ओतलं की जादा मॅग्नेशियम कॅल्शियमच्याही आड येतं.

उपाय: टरफलं बंद. सामू मोजायच्या पट्टीने पाणी तपासा, लिंबाचा रस थेंबथेंब घालून ते ६ च्या आसपास आणा. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. जुनं पान हिरवं होणार नाही. नवं येणारं पान बघा.

पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या असतील तर कारण क्षार. स्ट्रॉबेरी क्षारांना फारच हळवी आहे. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालायची सवय अनेक घरांत आहे. या झाडाला ते देऊ नका, गाळलेले सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट गोडं पाणी सावकाश ओतून मिश्रण धुवून काढा, मग आठवडाभर खत थांबवा. माती ओली असूनही झाड माना टाकत असेल तर मधला कोंब उभा चिरून बघा. आत तांबूस-तपकिरी असेल तर ते रोप मिश्रणासकट टाकून द्या, कंपोस्टमध्येही घालू नका.

"केळीची साल आणि कॉफी पुरे"

कंपोस्टच्या डब्यात दोन्ही छान. थेट कुंडीत साल घातली की चिलटं आणि मुंग्या येतात. कॉफीच्या चोथ्याचा जाड थर वाळून पापुद्रा धरतो, पाणी आत मुरत नाही. फळांसाठी हे पोषण पुरत नाही. फुलं येईपर्यंत १९:१९:१९ (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांचे) विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. फुलोऱ्यानंतर १३:०:४५ त्याच प्रमाणात. शेणखत-युरियाचा जोर केला तर पानांचा नुसता माज होतो, फूल दिसत नाही.

"फळ वेडंवाकडं म्हणजे खत कमी"

हे मूळ संदेशात नसतं, पण त्याखालच्या प्रतिक्रियांत हमखास असतं. बहुतेक वेळा कारण अपुरं परागीभवन. फळावरचा प्रत्येक दाणा भोवतालचा गर फुगवतो. जो दाणा फळला नाही तिथे खळगा राहतो. जाळी लावलेल्या बाल्कनीत मधमाशी येत नाही. फूल उमललं की दोन-तीन दिवस, सकाळी दहा-अकराच्या सुमारास, मऊ कुंचला आधी कडेच्या पुंकेसरांवर आणि मग मधल्या पिवळ्या उंचवट्यावर गोल फिरवा. साधारण महिन्याभरात फळ तयार होतं. देठापर्यंत लाल झाल्यावरच तोडा. तोडलेली स्ट्रॉबेरी रंग बदलेल, गोड होणार नाही.

"भुरीवर खाण्याचा सोडा"

सोड्यात सोडियम असतं, आणि क्षारांचं वर सांगितलंच. भुरी हा बुरशीचा रोग. त्यात पानांच्या कडा वर वळतात, खालून पांढरी पूड आणि लालसर डाग दिसतात. रोगट पानं काढा, कुंड्यांमध्ये वारा खेळेल इतकं अंतर ठेवा, आणि पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम फवारा, मात्र पारा ३० च्या वर असताना नाही. पानांवर बारीक पांढरट ठिपके आणि खाली जाळी असेल तर ती भुरी नव्हे, लाल कोळी ही बारीक कीड. त्यावर दर तीन दिवसांनी पानांच्या खालून जोरात पाण्याचा फवारा, असं तीनदा. तरी राहिले तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल थोड्या सौम्य साबणासह, ऊन उतरल्यावर. पण गंधक आणि तेल यांच्यात किमान दोन आठवड्यांचं अंतर हवं, नाहीतर पानं जळतात.

"वर्षभर खा"

या जातींना फूल धरायला लहान दिवस आणि थंड रात्री लागतात. पुणे, नाशिक, नागपूरकडे डिसेंबर ते मार्च बरा हंगाम मिळतो. मुंबई, कोकण, गोव्यात रात्री उबदार असल्याने फळं कमीच येतात. एप्रिलपासून झाड फक्त जगवायचं: सावली, हलकं पाणी, खत बंद. पावसाळ्यात छपराखाली ठेवा. जूनमध्ये रनर सुटले तर पिल्लू मातृरोपापासून न तोडता शेजारच्या छोट्या कुंडीत तारेच्या आकड्याने टेकवा, तीन-चार आठवड्यांत मुळं धरल्यावर कापा. मैदानी उष्णतेत वाढलेली ही रोपं डोंगरातल्या रोपवाटिकेइतकी जोमदार नसतात, आईचे रोगही सोबत आणतात. म्हणून निम्मी घरची ठेवली तरी निम्मी रोपं दर ऑक्टोबरात नवी आणावीत.