देश हाती आला, आता निवडणूक घ्या

समजा, तुमचं वय 29, हुद्दा लेफ्टनंटचा आणि काल दुपारपासून देश तुमच्या ताब्यात. घाबरू नका, पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाच्या याह्या जामेंची शिकवणी लावा. 22 जुलै 1994 ला त्यांनी रक्त न सांडता अध्यक्ष दावदा जावारांना घालवलं आणि पुढे रीतसर लोकशाहीही आणली.

आधी चार वर्षं मागा. मदत देणारे देश डोळे वटारू लागले की दोनवर या. समजूतदार म्हणून नाव होतं. तेवढ्यात राज्यघटना लिहून घ्या. अध्यक्षाचं किमान वय 30 ठेवा, मतदानापर्यंत तुम्हाला एकतीस पूर्ण झालेली असतात. किती वेळा निवडून यावं, याबद्दल घटनेनं तोंड उघडू नये. उठाव करणाऱ्यांना कोर्टात खेचता येणार नाही, हे कलम मात्र मागे परिशिष्टात टाका. तिथवर कोण वाचतं?

मग हुकूम क्रमांक 89 काढून तीन जुने पक्ष आणि जुने मंत्री बाद करा. आखाडा असा झाडून घेतला की कुणालाही कुस्तीला बोलवावं. स्वतःच्या पक्षाच्या नावावर फार डोकं चालवू नका. लष्करी मंडळाचं नाव होतं एएफपीआरसी, पक्षाचं झालं एपीआरसी. फौजेचा ‘एफ’ तेवढा गळला. गणवेशाचंही तेच, वर पांढरा झगा चढवला की झालं.

मतदानाला मात्र हात लावू नका! गांबियात मत म्हणजे काचेची गोटी. उमेदवाराच्या रंगाच्या पिंपात नळीतून ती सोडायची, आत घंटी वाजते, टण्ण. दोनदा वाजली तर चोरी पकडली जाते. आवाजाचा घोळ नको म्हणून त्या दिवशी केंद्राजवळ सायकलच्या घंटीलाही मज्जाव. इतकी सोज्वळ पद्धत बिघडवणं पाप आहे. जे काही करायचं, ते घंटीच्या आधी उरकावं. 2 जानेवारी 1997 ला संसदेच्या 45 पैकी 33 जागा जामेंच्या पक्षाला मिळाल्या. त्यातल्या पाच ठिकाणी समोर कुणी उभंच नव्हतं, म्हणजे गोट्यांचीही बचत. शिवाय चार खासदार अध्यक्षांनी स्वतः नेमायचे.

ही युक्ती बावीस वर्षं टिकते. डिसेंबर 2016 मध्ये त्याच गोट्या विरोधी उमेदवार अडामा बॅरोंच्या पिंपात जास्त पडल्या. अशा वेळी फोनवर हसत अभिनंदन करा, आठवड्यानं ते परत घ्या आणि शेजाऱ्यांच्या फौजा हद्दीत शिरल्या की इक्वेटोरियल गिनीला निघा. तिथले यजमान 1979 च्या उठावापासून गादीवर आहेत. वरच्या इयत्तेची शिकवणी तिथंच मिळते.